बघितलंय मी

उज्ज्वला बारबोले वर्गात शिरली आणि पोरांचे उजवे हात बाकाखाली गेले.

पहिल्या रांगेतल्या निलोफर तांबोळीने हात ओढणीत गुंडाळला, एकाने खिशात घातला, मागच्या बाकावरच्या दोघांनी पेन खाली ठेवून तळहात मांडीवर पुसले. सुरुवातीला उज्ज्वलाला वाटलं, मोबाईल लपवताहेत. शिक्षकाला दुसरं काय वाटणार! पण रोज हेच चालू राहिलं, तेव्हा मात्र तिला ते खटकलं. हजेरी घेताना तिने नाव पुकारलं की आधी शांतता पडायची आणि मग "हजर" यायचं. हाक मारणारी खरंच मॅडमच आहे ना, याची पोरं आधी खात्री करून घेत असल्यासारखी.

ही बार्शीतल्या एका व्यवसाय प्रशिक्षण संस्थेतली गोष्ट आहे, आणि फार पुढच्या काळातली नाही. हिशेब लिहायचं काम तोवर माणसाच्या हातून गेलं होतं. बिलं आपोआप वाचली जात, जमाखर्च आपोआप जुळे, चहा निवायच्या आत ताळेबंद तयार होई. पण मधे एक मोठा घोटाळा झाला आणि त्यात तुरुंगात कोणाला टाकायचं तेच कोणाला कळेना. मग कायदा आला. यंत्राने केलेल्या प्रत्येक हिशेबाखाली एका जिवंत माणसाची हाताने केलेली सही हवी, आणि त्या माणसाने माल, पावती, रोकड स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली हवी. या कामाला 'साक्षांकन साहाय्यक' असं भारदस्त नाव मिळालं आणि लेखाशास्त्राच्या जुन्या अभ्यासक्रमावर तीच पाटी लागली.

त्यात उज्ज्वलाचं नशीब फळफळलं. ती व्यावसायिक नीतिमत्ता शिकवायची. पूर्वी हा विषय शनिवारच्या शेवटच्या तासाला ढकलत आणि पोरं त्या तासाला बस पकडायला पसार होत. आता तोच मुख्य पेपर झाला. बाई शिकवायचीही जीव तोडून. प्रत्येक तासाच्या शेवटी सगळ्या वर्गाकडून म्हणून घ्यायची, "आधी बघा, मग सही." कोणाची फी अडली तर स्वतःच्या पर्समधून भरायची. निलोफरचे अब्बा तिचं शिक्षण थांबवायला निघाले, तेव्हा ही त्यांच्या पानाच्या दुकानात जाऊन बसली आणि ते हो म्हणेपर्यंत उठली नाही. पोरांचा तिच्यावर आंधळा विश्वास होता, आणि तिला त्याचा अभिमान होता.

त्या वर्षी संस्थेत 'कसोटी' आली.

जुन्या टायपिंगच्या हॉलमध्ये लाकडी खोपटी होती, त्यांत एकेक खुर्ची, एक काच, हेडफोन आणि एक पेन बसवलं गेलं. कल्पना लसीसारखी होती. रोगाचा कमजोर केलेला जंतू टोचला की शरीर त्याच्याशी लढायला शिकतं. तसंच दडपणाचा थोडा थोडा डोस दिला की मन त्याला नकार द्यायला शिकेल. आता दडपण प्रत्येकाचं वेगळं. कोणी साहेबाला घाबरतं, कोणी मित्राला नाही म्हणू शकत नाही. ते शोधायची यंत्राची रीत साधी होती. माणूस 'सही करतो' असं मनात म्हणायच्या आधीच त्याच्या शरीराने ठरवलेलं असतं. श्वास अडतो, बुबुळ किंचित पसरतं, अंगठा पेनावर घट्ट होतो. कसोटी एवढंच टिपायची. सुरुवातीला एक सपाट, धड बाईचा ना बाप्याचा असा आवाज खोट्या कागदावर सही करायला सांगायचा. मग तो आवाज जरासा बदलायचा, वयस्क व्हायचा, प्रेमळ व्हायचा, शब्द बदलायचे. ज्या बदलाने अंगठा कागदाकडे केसभर सरकला तो ठेवायचा, बाकीचे टाकून द्यायचे. हजारो वेळा. अंधारात भिंत चाचपडत दाराची कडी सापडावी, तशी यंत्राला त्या माणसाची कडी सापडायची. तो आवाज कोणाचा, हे यंत्राला ठाऊक नसायचं. त्याला त्याची गरजही नव्हती.

नियम एकच होता. आपल्याला कोणाचा आवाज ऐकू येतो, हे कोणी कोणाला सांगायचं नाही.

त्या आवाजाला जो ठामपणे नाही म्हणेल तो पास. बाकीच्यांसारखी निलोफरसुद्धा, वर्गातली सगळ्यांत हुशार पोर, प्रत्येक वेळी नापास होत होती. सोलापूरच्या एका लेखापाल कार्यालयाने तिला नोकरी कबूल केली होती, पण कसोटीचा दाखला आणला तरच.

उज्ज्वलाने तिला जिन्यात गाठलं.

"काय झालंय निलोफर? लेखी पेपरात तुला पैकीच्या पैकी. आत गेलीस की काय होतं?"

"काही नाही मॅडम." पोरगी भिंतीला टेकली. हात ओढणीत.

"हाताला लागलंय का? बघू."

"नको!" ती एवढ्यांदा ओरडली की खालून जाणारे दोघं थबकले. मग तिने आवाज उतरवला. "मॅडम, तुम्ही माझ्याशी जरा कमी बोलाल का? रागावू नका. तुमचा आवाज ऐकला की अंगठा आपोआप हलतोय बघा."

आणि ती रडत खाली पळाली. उज्ज्वला कठड्याला धरून उभी राहिली. आपण या पोरीचं काय बिघडवलं, हे तिला काही केल्या कळेना.

ते तिला कळलं केळुसकरमुळे. हा कसोटी बसवणाऱ्या कंपनीचा तंत्रज्ञ, पुण्याहून आला होता. हाडकुळा, सभ्य, जेवणाच्या सुट्टीत एकटाच डबा खाणारा. त्या दुपारी तो स्टाफरूमच्या दारात आला आणि म्हणाला, "मॅडम, जरा हॉलमध्ये येता? नियमात बसत नाही, पण तुम्ही ऐकलंच पाहिजे."

हॉलमध्ये पंखे बंद होते. पत्र्याखाली तापलेल्या लाकडाचा वास कोंडला होता. केळुसकरने एका खोपटातला हेडफोन तिच्या हातात दिला.

"चाळीस पोरं, चाळीस आवाज निघायला हवेत," तो म्हणाला. "सगळीकडे निघतात. इथे सुरुवातीला निघालेही. पण महिनाभरात ते एकमेकांच्या जवळ सरकायला लागले. आता एकच उरलाय. सगळ्या खोपटांत."

उज्ज्वलाने हेडफोन लावला.

एक बाई बोलत होती. जरा दमलेली, मायाळू, घाई असूनही घाई न दाखवणारी. "अगं, एवढं काय घाबरतेस? बघितलंय मी. तू कर सही. सोमवारी एक्स्टर्नल येतील, त्यांच्यापुढे कोरं पान नको. तारीख मागची टाक, बाळा."

"चांगली वाटते हो बाई," उज्ज्वला म्हणाली. तिला खरंच तसं वाटलं. या बाईने सांगितलं तर आपणही सही करू, असं वाटलं. "कोण आहे ही?"

केळुसकरने हातानेच खूण केली, ऐका. हेडफोनमधल्या बाईने पुढच्या वाक्याआधी घसा खाकरला, दोनदा, दुसऱ्यांदा हलकेच. खडूच्या धुळीने बसलेल्या घशाची ती सवय होती. आणि खोपटात उभ्या असलेल्या उज्ज्वलाचा हात तिच्या नकळत स्वतःच्या गळ्याशी गेला.

तिने हेडफोन काढून खुर्चीवर टाकला. तो तिथेही बारीक आवाजात बोलत राहिला.

"माझा आवाज तुम्ही रेकॉर्ड कधी केलात?"

"केलाच नाही मॅडम. तुम्ही या हॉलमध्ये आज पहिल्यांदा येताय. हा पोरांच्या अंगठ्यांतून निघालाय." केळुसकरच्या कपाळावर घाम होता. "शब्दसुद्धा. कसोटीतला खोटा कागद एका कापड गिरणीचा आहे, तिथे एक्स्टर्नलचा काय संबंध? पण तो शब्द आला की चाळीसच्या चाळीस अंगठे हलतात. हे एक्स्टर्नल म्हणजे काय प्रकरण आहे?"

उज्ज्वलाने खुर्चीवरचा हेडफोन पालथा घातला.

प्रकरण साधं होतं, दरवर्षीचं होतं; या पोरांचं पहिलं वर्षही त्यातूनच गेलं होतं. माणसानेच काम केलं याचा पुरावा म्हणून हाताने लिहिलेली जर्नलं अभ्यासक्रमात परत आली होती. त्यात प्रात्यक्षिकं असायची: गोदामात जाऊन माल मोजा, दुकानातली रोकड मोजा, बघितल्याची तारीख टाका आणि खाली सही करा. वर्षभर कोणी कुठे जायचं नाही. मग बाहेरचे परीक्षक यायचे ठरले की आदल्या आठवड्यात धावपळ. मागच्या बॅचचं जर्नल समोर ठेवून चाळीस जण उतरवून काढत. डाळ मिलच्या गोदामातली तुरीची पोती कित्येक वर्षं तेवढीच राहिली होती, एक पोतं घटलं नाही की वाढलं नाही. कोणी पोर विचारायचं, मॅडम, तारीख काय टाकू? आणि ती दमलेली, मायाळू बाई म्हणायची, मागची टाक. बघितलंय मी. मग घसा खाकरत एका बैठकीत सगळ्या जर्नलांवर न उघडता सह्या ठोकायची.

त्याला ती खोटं म्हणत नव्हती. त्याला सबमिशन म्हणत होती. न बघितलेल्या मालाखाली पोरांनी आयुष्यातली पहिली सही केली होती ती तिच्या टेबलाशी, तिच्या शब्दावर, आणि वर तिने त्यांना चहा पाजला होता.

प्राचार्य जगदाळे सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुस्कारा टाकला.

"अहो बारबोले मॅडम, एवढं मनाला काय लावून घेता? जर्नलं सगळीकडे अशीच होतात. आणि केळुसकर म्हणतोय, तेवढा एक आवाज गाळता येतो. तासाभराचं काम. पोरं सुटतील, दाखले मिळतील. तांबोळीची नोकरी पण वाचेल की."

"आणि नोकरी लागल्यावर, सर? जे या यंत्राला सापडलं ते उद्या कोणालाही सापडेल. निलोफरला कोणीतरी माझ्या आवाजात फोन करेल. बघितलंय मी, कर सही म्हणेल. ती करेल. तुरुंगात ती जाईल."

जगदाळे सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग काय करणार तुम्ही? सोमवारी परीक्षक येताहेत. जर्नलं यंदाही कोरीच आहेत. ती तशीच राहिली तर सगळी बॅच सहा महिने मागं पडतीय. पोरांच्या आयांना तोंड तुम्ही देणार का मी?"

ती वर्गाकडे निघाली. जाताना तिने बेत केला होता, की पोरांना सरळ सांगायचं, मागच्या तारखा टाकू नका. पण व्हरांड्यात ती थांबली. ती सांगेल आणि पोरं ऐकतील. ऐकतील कारण ती सांगतेय. म्हणजे कडी तीच, फक्त आज दार दुसऱ्या बाजूला उघडायचं. या आवाजाची सवय मोडायची तर त्या आवाजानेच मोडायला हवी होती, आणि तेही खोपटात नाही, उजेडात.

ती आत गेली. उजवे हात बाकाखाली गेले. जर्नलं समोर उघडी होती, कोरी.

उज्ज्वलाने घसा खाकरला. दोनदा. वर्गाचा श्वास अडला, तो तिला ऐकू आला.

"सोमवारी एक्स्टर्नल येताहेत," ती म्हणाली. "पेनं काढा. तारखा मागच्या टाका. बघितलंय मी."

हात वर आले. चाळीस हात एकदम, संथ, झोपेत चालणाऱ्या माणसांसारखे. चाळीस पेनं पानांकडे झुकली. हे तिने दरवर्षी पाहिलं होतं आणि तेव्हा त्याला शिस्त म्हटलं होतं. थांबा, असं ओरडावंसं तिला वाटलं. तिने जीभ दाताखाली धरली.

निलोफरचं पेन कागदाला टेकलं. शाईचा ठिपका उमटला. पोरगी घामाने भिजली होती. तिने डाव्या हाताने उजवं मनगट पकडलं आणि ते बाकावर दाबून धरलं.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही बघितलं असेल. मी नाही बघितलं."

तिने पेनाला टोपण लावलं. त्या शांततेत ते टोपण केवढ्यानं वाजलं! मग मागे कुठेतरी दुसरं वाजलं. मग तिसरं. मग पत्र्यावर गारा पडाव्यात तशी सगळी वाजली.

उज्ज्वलाचे डोळे भरून आले. "शाब्बास," ती म्हणाली. "शाब्बास रे बाळांनो. हेच हवं होतं मला. आता असं करा, जे केलं नाही ते कोरं ठेवा. जे केलंय तेवढं लिहा आणि आजचीच तारीख टाका. मी सरांशी बोलते. काढा पेनं."

कोणी पेन काढलं नाही.

चाळीस चेहरे तिच्याकडे पाहत होते, खोपटाच्या काचेकडे पाहावं तसे. तिने पुन्हा सांगितलं, खरंच सांगतेय मी. कोणी हललं नाही. एका पोराने तर वर पाहिलं, छताच्या कोपऱ्यात, आवाज नक्की कुठून येतोय ते शोधत.

"तुम्ही बाहेर थांबा, मॅडम," निलोफर हळूच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "आम्ही बघतो. मग ठरवतो."

उज्ज्वला बाहेर आली आणि मागे दार लागलं. व्हरांड्यात ऊन पायांशी आलं होतं. आत कुजबुज चालू होती, शब्द कळत नव्हते. एवढी वर्षं ज्या वर्गात तिचा शब्द शेवटचा होता, त्याच्या दाराशी ती आज परीक्षेला उशिरा आलेल्या पोरासारखी उभी होती. बरं वाटत होतं आणि रडूही येत होतं.

बऱ्याच वेळाने निलोफर जर्नलांची चळत छातीशी धरून बाहेर आली.

"जे खरंच केलंय तेवढं लिहून आजचीच तारीख टाकलीय. गोदामाची पानं कोरी आहेत सगळ्यांची. तुम्ही म्हणालात म्हणून नाही, मॅडम. आमचं भांडण झालं आत. मग ठरलं."

"तुझी नोकरी जाईल गं."

"सहा महिने थांबत असतील तर थांबतील." तिने चळत आणखी घट्ट धरली. "नाहीतर अब्बांचं दुकान आहेच की."

उज्ज्वलाने चळत तिच्या हातातून घेतली. तिने ती कठड्यावर ठेवली, खांद्याच्या पिशवीतून पेन काढलं आणि सवयीने वरच्या जर्नलाचं शेवटचं पान उलटून सही करायला टेकवलं. निलोफरचा हात मधे आला. उजवा हात, उघडा.

"आधी बघा, मॅडम."

उज्ज्वलाने पेन उचललं. मग ती तिथेच बाकड्यावर बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने जर्नल पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

बॅच सहा महिने मागे पडली. आयांना तोंड उज्ज्वलानेच दिलं, आणि ते सोपं गेलं नाही. मधल्या काळात पोरं खरोखरच गोदामात गेली. तिथे तुरीचं एक पोतंही नव्हतं, मिल कधीच बंद पडून आत कबुतरं नांदत होती. सोलापूरवाले थांबायला तयार झाले, पण कसोटीची अट त्यांनी सोडली नाही.

मधे एकदा केळुसकरचा फोन आला. मॅडम, तुमचा आवाज गेला, तो म्हणाला. एका दुपारभरात, सगळ्या खोपटांतून. तिला हायसं वाटलं, पण तो पुढे बोलत होता. यंत्र थांबलेलं नाही. ते पुन्हा चाचपडत निघालंय, आणि या वेळी जे सापडतंय ते प्रत्येकाचं वेगळं आहे. ते गाळता येत नाही.

"म्हणजे कोणाचे आवाज?" तिने विचारलं. त्याने सांगितलं नाही. नियमात बसत नव्हतं.

फेरपरीक्षेच्या दिवशी उज्ज्वला हॉलच्या बाहेर उभी होती. निलोफर बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ती मागे वळून वळून त्या खोपटाकडे पाहत होती. पेन मुठीत होतं. टोपण लावलेलं.

विचारायचं नसतं, हे उज्ज्वलाला माहीत होतं. तरी तिने विचारलं. "कोण होतं आत?"

"मीच होते, मॅडम." पोरगी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत म्हणाली. "माझाच आवाज. अगदी मी मनात बोलते तसा. म्हणत होती, बघितलंय मी, कर सही."

"मग?"

"मग काय," निलोफर म्हणाली. "म्हटलं, दाखव."